‘चौघीजणी’तला शेजारधर्म

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘मला आवडलेले पुस्तक’ या विषयावर यंदा मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढे घर, मुले, सासूबाईंची आजारपणे यांत वर्षे गेली. व्यासपीठावर उभे राहून बोलायची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “दुपारी तांदूळ निवडताना बोलता तसेच बोला.” म्हणून तसेच बोलणार आहे. निवडताना एखादा खडा राहिला तर पोटात घाला.

मी जे पुस्तक निवडले आहे त्याचे नाव ‘चौघीजणी’. मूळ पुस्तक अमेरिकेतले. लुइसा मे अल्कॉट नावाच्या बाईंनी ते १८६८ आणि १८६९ साली दोन भागांत लिहिले. इंग्रजीत त्याचे नाव ‘लिटल विमेन’. आपल्या शांताबाई शेळके यांनी ते मराठीत आणले. १९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्याच शांताबाई. त्यांची गाणी आपण सगळ्याच गुणगुणतो. पण माझ्यासारख्या इंग्रजी न येणाऱ्या बाईला त्यांनी बोस्टन शहराजवळच्या एका लहानशा गावातल्या घरात नेऊन बसवले, याबद्दल मी त्यांची विशेष ऋणी आहे.

गोष्ट अशी. मार्च नावाचे एक कुटुंब. वडील युद्धावर गेलेले. घरात आई, हॅना नावाची जुनी मोलकरीण आणि चार मुली. थोरली मेग समजूतदार, पण चांगल्या कपड्यांची हौस असलेली. दुसरी ज्यो धांदरट, तापट आणि लिहिण्याच्या नादाची. तिसरी बेथ इतकी लाजाळू, की परक्या माणसासमोर तोंड उघडणार नाही. धाकटी एमी चित्रे काढणारी, जरा नखरेल. पूर्वी बरे दिवस पाहिलेले, आता ओढाताण. शेजारी मोठी हवेली. तिच्यात लॉरेन्स नावाचे एक श्रीमंत, करड्या चेहऱ्याचे आजोबा आणि त्यांचा आईबापावेगळा नातू लॉरी. बस्स, एवढीच माणसे. खून नाही, मारामारी नाही, गुप्त खजिना नाही. चूल, शिवण, आजारपण, लग्न आणि मरण. जे आपल्या घरी असते तेच.

आमच्याकडे मंडळी म्हणतात, “असली घरगुती रडकी पुस्तके काय वाचायची?” रडायला येते हे खरे. पण ‘श्यामची आई’ वाचून तरी कोण रडले नाही? साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. बाहेर एवढा मोठा लढा चाललेला, आणि तुरुंगात बसलेला माणूस लिहितो काय, तर आईच्या गोष्टी! म्हणजे घरगुती गोष्ट ही काही रिकामपणची गोष्ट नव्हे.

शिवाय हे पुस्तक नुसते गोडगोड नाही. ज्यो आणि एमी यांचे भांडण होते, तेव्हा रागाच्या भरात एमी ज्योची हस्तलिखित वही जाळून टाकते. ज्यो तिच्याशी बोलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नदीवरचे बर्फ फुटून एमी पाण्यात पडते. थोडक्यात वाचते. त्या रात्री ज्यो आईजवळ रडते, की माझ्या रागाचे मी करू काय? तेव्हा ती शांत, सोशिक आई तिला सांगते, की मलासुद्धा जवळजवळ रोज राग येतो. तो दाखवायचा नाही एवढेच मी पुष्कळ वर्षांनी शिकले. मैत्रिणींनो, गोष्टीतल्या आया नेहमी देवीसारख्या असतात. ही पहिली आई मला भेटली, जी पदर खोचून खरे बोलली.

हसायलाही पुष्कळ आहे. मेगचे नवे लग्न झालेले. ती मोठ्या हौसेने फळांची जेली करायला बसते आणि ती काही केल्या घट्टच होत नाही. स्वयंपाकघरभर पातेली, हात चिकट, डोळ्यांत पाणी, आणि नेमका त्याच दिवशी नवरा न कळवता मित्राला जेवायला घेऊन येतो! का, तर कधीही कुणालाही घेऊन या, असे तिनेच पूर्वी सांगितलेले. आता यात परदेशाचे काय आहे? आपला मुरांब्याचा पाक बिघडतो तेव्हा दारात पाहुणे येतातच.

पण आज मला बोलायचे आहे ते या पुस्तकातल्या शेजारधर्माविषयी. दुःखाच्या घरी कसे जावे, हे मला या गोष्टीने जितके नीट सांगितले तितके दुसऱ्या कुणी सांगितले नाही.

लॉरेन्स आजोबांची एक लहान नात वारलेली असते. तिचा एक छोटा पियानो घरात तसाच ठेवलेला. इकडे बेथला वाजवण्याचे वेड, आणि तिच्या घरचा पियानो जुना, सूर गेलेला. आजोबांना हे कळते. त्यांनी सरळ म्हटले असते, ‘बाळ, आमच्याकडे येऊन वाजव’, तर ती लाजाळू पोर पळून गेली असती. म्हणून ते काय करतात? मुलींच्या आईशी बोलत बसतात आणि बेथकडे न पाहता सहज म्हणतात, की आमचा मोठा पियानो वापर नसल्यामुळे बिघडायला लागला आहे. एखाद्या मुलीने येऊन वाजवला तर आमच्यावर उपकार होतील. कुणाला भेटायची, कुणाशी बोलायची गरज नाही. पाहा हं! देणारा माणूस मागणारा होऊन आला. बेथ रोज गुपचूप जायला लागते. आपल्या खोलीचे दार किंचित उघडे ठेवून आजोबा ऐकत असतात, हे तिला ठाऊकही नसते.

मग ती त्यांच्यासाठी स्वतःच्या हातांनी सपाता करते. जांभळ्या कापडावर फुले विणलेल्या. त्या बदल्यात ते आपल्या वारलेल्या नातीचा तो छोटा पियानो तिच्या घरी पाठवून देतात. बेथ आभार मानायला जाते. पण शब्द सुचत नाहीत. या म्हाताऱ्या माणसाची लाडकी मुलगी गेली आहे एवढेच तिला आठवते आणि ती त्यांच्या गळ्यात हात टाकून त्यांचा मुका घेते. एवढा कडक माणूस, पण विरघळून जातो. समजुतीची वाक्ये नाहीत, ‘देवाची मर्जी’ नाही. एक सपातांचा जोड आणि एक मिठी.

नातवाचे तसेच. लॉरी हवेलीच्या खिडकीतून या चौघींचे घर पाहत बसतो. पैसा आहे, नोकर आहेत, पण आई नाही. तो आजारी असतो तेव्हा ज्यो त्याच्या खिडकीवर बर्फाचा गोळा मारते, त्याला हाक मारते, आणि दुधाचा एक गोड पदार्थ व बेथची मांजराची पिल्ले घेऊन सरळ त्याच्या खोलीत हजर होते. ‘काही लागले तर कळवा’ असे दारातून सांगून ती परतत नाही.

आणि हा शेजारधर्म एका बाजूचा नाही. नाताळच्या सकाळी आईला कळते, की जवळच एका गरीब जर्मन कुटुंबात नुकतेच मूल झाले आहे, चुलीत विस्तव नाही, आणि सहा मुले थंडीने एका अंथरुणात गोळा झाली आहेत. मुली आपली सणाची न्याहारी उचलून तिकडे घेऊन जातात. ही गोष्ट हॅनाकडून शेजारच्या नोकरांना आणि नोकरांकडून आजोबांना कळते, आणि रात्री या घरी आईसक्रीम, फळे, केक आणि फुलांचे चार मोठे गुच्छ येतात. आपल्याकडे वाटी परत करताना ती रिकामी करू नये म्हणतात ना, अगदी तसे.

आता दुःखाचा भाग. त्याच गरीब घरातले तान्हे मूल पुढे आजारी पडते. आई परगावी गेलेली असते, कारण वडील वॉशिंग्टनच्या इस्पितळात अत्यवस्थ असतात. त्यांच्यासाठी काही पैसे हातात असावेत म्हणून ज्यो आपले लांब केस पंचवीस डॉलरला विकून येते, तेही याच वेळी. तर, त्या घरी जाऊन यायला हवे असे बेथ बहिणींना सांगते. मेग दमलेली असते, ज्योला लिहायचे असते. प्रत्येकीचे कारण खरेच असते. शेवटी डोके दुखत असताना बेथ एकटीच जाते. मूल तिच्या मांडीवर प्राण सोडते. तोच ताप तिला लागतो. अंगावर लाल पुरळ उठणारा तो ताप. आज त्यावर औषध आहे, तेव्हा नव्हते. ती त्यातून उठते, पण तिची प्रकृती कायमची खालावते आणि काही वर्षांनी ती जाते.

तिच्या अखेरच्या महिन्यांचे वर्णन वाचताना मी पुस्तक तीनदा खाली ठेवले. ती खिडकीशी बसून शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी लहान लहान वस्तू करते, हातमोजे करते, बाहुलीच्या सुया ठेवायची घडी करते, आणि खिडकीतून खाली टाकते. मग एक दिवस सुई जड होते. तिथून पुढे ती सुई हातात घेत नाही. शिवणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त काही सांगावे लागत नाही.

लुइसाबाईंनी हे मनाचे लिहिलेले नाही. त्यांची एलिझाबेथ नावाची बहीण खरोखरच अशी गेली. आईने ज्या गरीब कुटुंबाला मदत केली, त्यांच्याकडूनच तिला १८५६ साली तो ताप आला होता. १४ मार्च १८५८ रोजी ती वारली. वय २२. त्यानंतर काही महिन्यांनी हे कुटुंब कॉनकॉर्ड गावातल्या ‘ऑर्चर्ड हाउस’ या घरात राहायला गेले. त्याच घरात बसून लुइसाबाईंनी १८६८ साली हे पुस्तक लिहिले, आणि गोष्टीतले घरही त्याच घरावरून उभे केले. म्हणजे लक्षात घ्या, जी बहीण त्या घरात कधीच राहिली नाही, तिला त्यांनी गोष्टीत त्या घरात राहायला आणले. तिला खिडकी दिली, पियानो दिला, मांजरे दिली. दहा वर्षे मनात राहिलेले दुःख असे कामाला लागले. ते घर आज लोकांना पाहण्यासाठी राखून ठेवले आहे.

आणखी एक सांगते. हे पुस्तक लिहायला त्या बाई आपण होऊन बसल्या नव्हत्या. प्रकाशकाने मुलींसाठी काहीतरी लिहा म्हणून गळ घातली. घरात कर्ज होते. आपल्याला बहिणींखेरीज मुलींची काय माहिती, असे त्यांना वाटत होते. पण पुस्तक इतके खपले, की कर्ज फिटले. पुढे १८७० साली थोरल्या बहिणीचा नवरा वारला, तेव्हा तिच्या दोन मुलांना आधार व्हावा म्हणून त्यांनी पुढचे पुस्तक लिहिले. १८७९ साली धाकटी बहीण मूल होऊन काही आठवड्यांत गेली. ते मूल या मावशीने सांभाळले. स्वतः लग्न केले नाही. वाचकांची पत्रांवर पत्रे, की ज्योचे लग्न लॉरीशीच लावा. बाईंनी ऐकले नाही. चांगल्या मैत्रीचा शेवट लग्नातच झाला पाहिजे असे नाही, हे त्या काळी सांगणारी बाई धीटच म्हटली पाहिजे.

बेथ गेल्यानंतर ज्योचे काय होते, तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. सगळे आपापल्या मार्गाला लागतात आणि ज्यो रिकाम्या घरात उरते. संध्याकाळी ती खायला उठते. मग ती बापाच्या खोलीत जाऊन म्हणते, माझ्याशी बोला, जसे बेथशी बोलत होता तसे. मग ती बेथची कामे हातात घेते. तोच केरसुणीचा दांडा, तेच भांडी पुसायचे फडके. ज्या कामांचा तिला कंटाळा होता तीच आता बहिणीची आठवण म्हणून जवळची वाटतात. आणि आई तिला हळूच सुचवते, पूर्वीसारखे काही लिही. कुणासाठी नव्हे, आपल्यासाठी. दुःख विसर असे तिला कुणी म्हणत नाही. तिच्या हाताला काम देतात.

हे मला का पटले ते सांगते. माझी धाकटी जाऊ ऐन पस्तिशीत गेली. आमच्या दोघींचे सख्ख्या बहिणींसारखे होते. एकीने कणीक मळायची, दुसरीने लाटायची, अशी चौदा वर्षे. ती गेली तेव्हा आळीतून पिठले-भात आला, माणसे आली, बसली, रडली. तेरावा झाला. चौदाव्या दिवशी घरात मी, तिची दोन मुले आणि समोरासमोरचे दोन पाट. आता सारे आटोपले, असे लोकांना वाटते. पण घरच्या माणसाचे तिथूनच सुरू होते.

तेव्हा आमच्या वाड्यातल्या एक काकू दुपारी तीनच्या सुमारास आल्या. हातात सुपात मेथीची जुडी. म्हणाल्या, “आमच्याकडे उजेड येत नाही गं, तुझ्या ओसरीवर निवडते.” त्यांच्या घराला दोन मोठ्या खिडक्या आहेत, हे मला ठाऊक होते. त्या बसल्या. पाचदहा मिनिटांनी मीही चार काड्या ओढल्या. जाऊबाईंचे नाव त्यांनी काढले नाही, मीही काढले नाही. दुसऱ्या दिवशी गवार, तिसऱ्या दिवशी शेंगा. पंधरा दिवसांनी मी आपण होऊन बोलू लागले, आणि काकूंनी नुसते ऐकले. पावसाळा संपेपर्यंत त्या येत होत्या. पुढे कधीतरी मी ‘चौघीजणी’ वाचले आणि लॉरेन्स आजोबांचे ते वाक्य आले, की आमचा पियानो बिघडतो आहे. तेव्हा मला एकदम मेथीची जुडी दिसली. काकूंनी हे पुस्तक वाचलेले नाही. पण साता समुद्रांपलीकडचे ते आजोबा आणि आमच्या काकू एकाच शाळेतले.

म्हणून अशी पुस्तके वाचावीत असे मी म्हणते. आपल्याला जे मुक्यानेच मिळालेले असते, त्याला ती नाव देतात. आणि नाव मिळाले, की ते दुसऱ्याला देता येते.

२०२० आणि २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत आपण सगळ्यांनीच पाहिले, की माणसाला दारात जाता आले नाही तर दुःख कसे कोंडून राहते. तेव्हा कित्येक घरांत चार माणसेही येऊ शकली नाहीत. आता येण्याजाण्याला कोणी अडवत नाही, तर आपण जायला हवे.

मंडळाचा आज वाढदिवस आहे, म्हणून मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. आपण भजन करतो, हळदीकुंकू करतो, वाचनालयाची पेटी फिरवतो. त्याच्याच जोडीला, गावातल्या ज्या घरी दुःख झाले असेल तिथे तेराव्यानंतर जाण्याचे काम मंडळाने उचलावे. पहिले तेरा दिवस माणसे येतातच. आपण चौदाव्या दिवसापासून जावे. आठवड्यातून एक दुपार, निदान तीन महिने. जाताना उपदेश नेऊ नये. निवडायची भाजी न्यावी, टाके घालायचे शिवण न्यावे, मुलांचा अभ्यास घ्यावा. त्या घरच्या बाईला लाज वाटू नये म्हणून आपणच काहीतरी निमित्त काढावे. ती बोलली तर ऐकावे. नाही बोलली तर भाजी निवडावी.

आणि हे पाळी लावून करावे. बेथची गोष्ट त्यासाठीच सांगितली. प्रत्येक घरात आणि प्रत्येक मंडळात एक बेथ असते. ती कधी नाही म्हणत नाही, म्हणून सगळी कामे तिच्याकडे जातात. बाकीच्यांची कारणे खरी असतात, आणि तिचे डोके दुखते आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्यातली बेथ कोण, हे आज इथे बसल्या बसल्या प्रत्येकीने मनात पाहावे, आणि तिच्या वाटणीचे एक तरी काम आपल्याकडे घ्यावे.

‘चौघीजणी’ची एक प्रत मी आज वाचनालयाच्या पेटीत ठेवत आहे. ज्यांना लहान अक्षरे दिसत नाहीत त्यांना मी गुरुवारी दुपारी वाचून दाखवीन. येताना निवडायला काहीतरी घेऊन या म्हणजे झाले.